सत्यजलाचा डाग

नृत्यवर्गाच्या त्या हॉलला दोन बाजूंनी आरसे होते. त्यामुळे निवळबाबांच्या दर्शनाला पन्नास माणसं आली, की दोनशे आल्यासारखी वाटायची. बाबांनी नेमका हाच हॉल भाड्याने का घेतला, हे कोणी विचारलं नाही. जिकडे बघावं तिकडे हात जोडलेली माणसं दिसत होती, आणि त्यातली बरीचशी आपणच आहोत, हे विसरायला फार वेळ लागत नव्हता.

बाबा दोन आरशांच्या मधोमध, गादी घातलेल्या स्टुलावर बसले होते. पुढ्यात पांढरीशुभ्र चिनी मातीची बशी. शेजारी काचेच्या बाटलीत चहाच्या रंगाचं, गुलाबपाण्याचा घमघमाट सुटलेलं पाणी. ते सत्यजल.

"गोळी कशाची?" बाबांनी विचारलं.

"गुडघ्याची," पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले.

बाबांनी गोळी बशीत ठेवली, चमच्याच्या पाठीने चुरली आणि वरून सत्यजलाचे दोन थेंब सोडले. पांढरा चुरा बघता बघता काळानिळा झाला. शाईची दौत सांडावी तसा.

हॉलचा श्वास अडकला. आरशातल्यांचासुद्धा.

"मी काही बोललो?" बाबा म्हणाले.

"नाही, बाबा."

"मी कधीच बोलत नाही. पाणी बोलतं."

एवढं सांगून ते पाऊण तास बोलले. त्यांच्या बोलण्यात पेशींची कंपनं होती, कंपनांच्या पेशी होत्या, मधूनमधून 'टॉक्सिन' होतं आणि सगळ्या डॉक्टर मंडळींबद्दल अपार करुणा होती. बिचाऱ्यांना कळतच नाही, आपण विष देतोय ते. शिकतात ना, म्हणून.

मग एका बाईंनी माशाच्या तेलाची पिवळी, गुळगुळीत गोळी पुढे केली. बाबांनी ती फोडली, थेंब सोडले. काही झालं नाही. आणखी सोडले. तेल तेलासारखंच राहिलं.

"लबाड आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "ही पोटात गेल्यावरच तोंड उघडते."

बाई घाबरून मागे सरकल्या. पाणी बोललं तरी विष, गप्प बसलं तरी विष. अशी सोय कुठल्याच दवाखान्यात नसते.

तिसऱ्या रांगेत मावशी बसली होती. कॉलेजच्या मागच्या गल्लीत तिचं आणि तिच्या नवऱ्याचं पुस्तकबांधणीचं दुकान. प्रबंध बांधायला येणारी सगळी पोरं तिला मावशी म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला बाइंडर, म्हणून आपणही तेच म्हणू. तिला इथे ओढून आणलं होतं ते तिच्या थोरल्या नणंदेने, म्हणजे ताईंनी. ताई शाळेच्या कचेरीत काम करायच्या, रोज पेपर वाचायच्या आणि वाचलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवायच्या.

"जा पुढे," ताईंनी कोपर मारलं. "लाजायला काय, वरण मागायला आलीस?"

मावशीने पर्समधून आपली गोळी काढली.

ही गोळी साधी नव्हती. आदल्या वर्षी मावशीच्या स्तनातली गाठ ऑपरेशन करून काढली होती. तेव्हा सर्जनबाईंनी सांगितलं होतं, "गाठ आम्ही काढलीय. पण एखादी पेशी कुठे दडून राहिली असेल, तर तिला वाढू द्यायचं नाही. त्यासाठी ही गोळी. रोज एक, काही वर्षं. मध्येच सोडायची नाही." बाइंडरने गोळ्यांची पट्टी दुकानात खिळ्याला टांगली, शटर उघडलं की पहिलं काम ते. एकदा मावशी विसरली, तर दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. "कालची भरपाई," म्हणाला. प्रेमाने म्हणाला, पण चुकीचंच म्हणाला. मावशीने दोन्ही गिळल्या, आणि अख्खा दिवस दोघांनी एकमेकांकडे बघत काढला.

गोळीचा त्रास एकच होता, पण तो जबरदस्त होता. बसल्या बसल्या अंगातून वाफ उठायची. छातीपासून कानापर्यंत कोणी तवा टेकवल्यासारखं व्हायचं, घाम फुटायचा. दुसऱ्या कुठल्या घरात असती तर पंखा लावला असता. पण बाइंडिंगच्या दुकानात पंखा लावायची सोय नसते. टेबलावर सुटे फर्मे, म्हणजे न शिवलेल्या पानांचे गठ्ठे, रचलेले असतात, कोणाच्या तरी आयुष्याची चार वर्षं पानापानाने पडलेली असतात. एकदा सोसवेना म्हणून मावशीने बटण दाबलं आणि एका पोराचा गांडुळांवरचा अख्खा प्रबंध दुकानभर उडाला. दोघांनी गुडघ्यावर बसून गोळा केला. तरी बांधून झाल्यावर कळलं, की निष्कर्ष प्रस्तावनेच्या आधी गेलेत. पोरगा पास झाला. वाचलं कोणी नसणार.

तर अशी ती गोळी बाबांच्या बशीत पडली, चुरली गेली, आणि सत्यजल पडताच काळीनिळी झाली.

"हे तू रोज घेतेस, आई?"

"हो."

"आणि अंगातून आग निघते."

मावशी चपापली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही. पाण्याला."

पाण्याला हे ताईंनी दारातच, नाव नोंदवताना, शिष्याच्या कानात सांगितलं होतं. पण ताई ते केव्हाच विसरल्या होत्या आणि आता त्याच सगळ्यात मोठ्याने "अगंबाई" म्हणाल्या.

मग बाबांनी डबीतून चिमूटभर पांढरं चूर्ण घेतलं आणि काळ्या डागावर टाकून चमच्याने ढवळलं. डाग फिकटला, विरला, गेला. बशी पुन्हा स्वच्छ. हॉलमध्ये कोणी तरी हुंदका दिला.

"निवळ," बाबा म्हणाले. "विष खाणारं चूर्ण. सकाळ-संध्याकाळ पाण्यातून. आणि विष इथे सोडून जायचं." त्यांनी एका वेताच्या टोपलीकडे बोट केलं. टोपलीत पट्ट्याच पट्ट्या होत्या. कोणाच्या रक्तदाबाच्या, कोणाच्या साखरेच्या, कोणाच्या फिटच्या.

मावशीने आपली पट्टी टोपलीत टाकली.

तिला मूर्ख म्हणायची घाई करू नये. बंद दुकानात, पंख्याविना, वर्षभर आतून उकळत बसलेल्या माणसाला कोणी थंडावा देऊ केला, तर तो आधी पदवी विचारत नाही.

आणि गंमत म्हणजे थंडावा मिळाला. लगेच नाही, पण काही आठवड्यांनी वाफा कमी झाल्या, मग जवळजवळ थांबल्याच. चूर्ण आंबट होतं, चवीला वाईट नव्हतं. मावशी गुणगुणत फर्मे शिवू लागली. ताईंनी गल्लीत दवंडी पिटली. बाइंडरचं तर रूपांतरच झालं. त्याने बाबांच्या महिम्याचा ग्रंथ स्वतःहून बांधायला घेतला, जांभळ्या मखमलीत, सोनेरी अक्षरांत.

"फुकट?" मावशीने विचारलं.

"त्यांनी तुझ्याकडून काय घेतलं?"

"माझी गोळी घेतली," मावशी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला स्वतःलाच ते वाक्य कसंतरी वाटलं.

मध्ये एकदा हॉस्पिटलच्या औषधखिडकीतून फोन आला. तिथली औषधवाली बाई सगळ्यांना ओळखायची. "काय हो, नवी पट्टी न्यायला आला नाहीत. बरं आहे ना?" मावशीने सांगितलं, बाहेरगावी आहे. त्याच वेळी दुकानात हातोडा चालू होता आणि बाइंडर "अगं, कात्री कुठाय" म्हणून ओरडत होता. औषधवाली क्षणभर थांबली. "बरं. आल्या की या," एवढंच म्हणाली. त्यानंतर अंघोळ करताना मावशीचा हात ऑपरेशनच्या व्रणाशी रेंगाळायला लागला. दडलेल्या पेशीला वाढू द्यायचं नाही, म्हणाल्या होत्या सर्जनबाई. आता तिला कोण अडवतंय? हे चूर्ण? आंबट चूर्ण?

ग्रंथार्पणाचा दिवस आला. सोहळा दुपारी होता, तो शिष्याने ऐन वेळी सकाळवर आणला. दुकानात एकच पळापळ. ग्रंथाच्या पुठ्ठ्याला आतून अस्तराचा कागद चिकटवायचा राहिला होता. मावशीने गव्हाच्या पिठाची ताजी खळ बोटांनी फासली, बाइंडरने तळहाताने कागद दाबून बसवला, आणि हात धुवायलाही न थांबता दोघं ग्रंथ घेऊन रिक्षात बसली. बाइंडरने घाम पुसला तेव्हा खळ नाकाला लागली, ती तिथेच वाळली.

हॉल आज जास्त भरला होता. बाबांनी नवा प्रयोग काढला होता. ज्यांनी विष सोडलं, त्यांची शुद्धी तपासायची. शिष्य एकेकाच्या तळहातावर सत्यजल शिंपडत होता. तळहात पिवळसर तपकिरी व्हायचे.

"सुवर्णवर्ण," बाबा म्हणायचे. "शुद्ध. पुढे."

ताईंचा हात सुवर्ण झाला. त्या तो सगळ्यांना दाखवत हिंडल्या. मग मावशीने दोन्ही तळवे पुढे केले. शिष्याने पाणी शिंपडलं.

बोटं काळीनिळी झाली. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, अंगठेसुद्धा.

हॉल दोन पावलं मागे सरकला. शेजारचे आजोबा आपला सुवर्ण हात पाठीमागे लपवू लागले.

"आई," बाबांचा आवाज खोल गेला, "तू चोरून गोळी घेतेस."

"नाही घेत."

"पाणी खोटं बोलत नाही."

"अगं, खरं सांगून टाक ना," ताई कुजबुजल्या. "माफ करतात ते."

"ताई, तुमची शपथ, त्या दिवसापासून एकही नाही."

मावशीने बोटं पदराला घासली, डाग जाईना. म्हणजे विष अजून अंगातच आहे? का आजारच पुन्हा वर आलाय, आणि बोटांतून बाहेर पडतोय? तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. आधार म्हणून पाहिलं.

बाइंडर रांगेत तिच्या मागेच होता. शिष्याने त्याच्याही हातांवर सवयीने पाणी उडवलं होतं, थोडं तोंडावरही. त्याचे दोन्ही तळवे डांबरात बुडवल्यासारखे काळे झाले होते. नाकाच्या शेंड्यावर एक गोल काळा ठिपका उमटला होता.

"याने कोणती गोळी घेतली?" बाबांनी विचारलं.

"मी?" बाइंडर म्हणाला. "मला कधी डोकंसुद्धा दुखत नाही. ते नाहीच म्हणते ही."

कोणी तरी हसलं. बाबांनी डोळे मिटले. "सहवासाचं विष," ते म्हणाले. "पत्नीकडून पतीला."

"नाकाला?" मावशी म्हणाली.

तिने तो ठिपका पाहिला होता. तो तिने सकाळी रिक्षातही पाहिला होता, फक्त तेव्हा तो पांढरा होता. तिने आपली बोटं पाहिली. काळी होती ती नेमकी उजव्या हाताची तीन आणि डाव्याची दोन, ज्यांनी ती गेली वीस वर्षं खळ फासत आली होती. करंगळ्या सुवर्ण होत्या. अगदी शुद्ध.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "ग्रंथ द्या इकडे."

तिने मखमली ग्रंथ उघडला. अस्तराच्या कडेने ओली खळ बाहेर आली होती, घाईत पुसायची राहिलेली. मावशीने शिष्याच्या हातातली बाटली घेतली. त्याला वाटलं ग्रंथाला अभिषेक करायचाय, म्हणून त्याने ती आदराने दिली. तिने कडेवर दोन थेंब सोडले.

बाबांच्या महिम्याला चारी बाजूंनी काळी किनार आली.

"बाबा," मावशीने विचारलं, "तुमच्या ग्रंथाने कोणती गोळी घेतली?"

आता हॉलमध्ये जी शांतता पसरली, ती आधीच्यापेक्षा वेगळी होती. आधीच्या शांततेत भीती होती. या शांततेत माणसं हिशेब जुळवत होती.

"ही खळ आहे," मावशी म्हणाली. "गव्हाचं पीठ आणि पाणी. याच पिठाची पोळी खाल्लीय मी सकाळी. तुमच्यापैकी कोणाकडे काही खायला आहे?"

पर्स उघडल्या. माणसं चमत्काराला येतात तेव्हाही डबा आणतात. पावाचा तुकडा निघाला, उकडलेला बटाटा निघाला, आणि बाबांनीच मघाशी वाटलेली प्रसादाची बिस्किटं निघाली. मावशी एकेकावर थेंब सोडत गेली. पाव काळा. बटाटा काळा. प्रसाद तर सगळ्यांत काळा.

"माझ्या कंपनांचा भंग होतोय," बाबा म्हणाले आणि ध्यानासाठी आतल्या खोलीत गेले. आतल्या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं दार होतं. ध्यान बरंच लांबलं असावं, कारण त्यानंतर त्या हॉलमध्ये ते कोणाला दिसले नाहीत. आजोबा सगळ्यांत आधी टोपलीकडे धावले. मग सगळेच टोपलीवर तुटून पडले आणि "ही माझी साखरेची," "अहो सोडा, ती फिटची आहे माझ्या मुलाची," अशी झोंबाझोंबी सुरू झाली. मावशीने ओरडून सांगितलं, नाव बघितल्याशिवाय कोणी काही तोंडात टाकू नका, आणि टाकायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा. शिष्य मात्र बाटली मागत उभा राहिला. त्याला तिचा हिशेब द्यायचा होता म्हणे, पण ती मावशीच्या पर्समध्ये गेली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी, बाइंडर आणि ताई औषधखिडकीशी उभे होते. औषधवालीने तिघांचे हात पाहिले. तळवे अजून डागाळलेलेच होते.

"बाहेरगावी एवढं कुठलं रंगकाम काढलंत?" तिने विचारलं.

मावशीने सगळं सांगितलं. औषधवाली रागावली नाही, त्यामुळे मावशीला जास्तच रडू आलं. औषधवालीने बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. "गुलाबपाण्याखाली आयोडिन आहे. जखमेला लावतात ना, तपकिरी? ते पिठाला लागलं की काळंनिळं होतं. शाळेत करून दाखवतात."

"मी शाळेतच असते," ताई म्हणाल्या.

"कचेरीत असता तुम्ही," बाइंडर म्हणाला.

"पण गोळीत पीठ कशाला?" मावशीने विचारलं.

"तुम्ही पुस्तकात खळ कशाला घालता? औषध असतं चिमूटभर. त्याची गोळी बांधायला मक्याचं नाही तर बटाट्याचं स्टार्च घालतात बऱ्याच गोळ्यांत. तेलाच्या गोळीत ते नसतं, म्हणून ती गप्प बसली." तिने एका आंबट, व्हिटॅमिनच्या गोळीचा चुरा केला आणि मावशीच्या काळ्या बोटावर पाण्यातून चोळला. डाग विरला. "आणि हे तुमचं निवळ. निदान यासारखं काहीतरी. तरी तुम्ही आणलेली चूर्णाची डबी इथे ठेवून जा, त्यात आणखी काय कालवलंय ते बघायला पाठवते."

"पण मग माझ्या वाफा?" मावशीचा आवाज बारीक झाला. "त्या तर थांबल्या. ते तरी खरं होतं."

"खरं होतं. गोळी बंद केली, गोळीचा त्रास बंद झाला. बाबांनी काही दिलं म्हणून नाही, तुमचं औषध काढून घेतलं म्हणून."

मावशी बाकावर बसली. थंडावा मिळाला म्हणून ती जे गुणगुणत होती, ते सगळं तिला एकदम आठवलं.

औषधवालीने आत फोन लावून सर्जनबाईंना विचारलं, तपासणीची तारीख घेतली, आणि पट्टी खिडकीतून पुढे सरकवली. "आजपासून पुन्हा सुरू करायचीय. रोज एक, एकाच वेळेला. चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही."

बाइंडर कंपाउंडच्या झाडाकडे बघू लागला.

"दुसरं कुठलंही औषध, काढा, चूर्ण, दुसऱ्या डॉक्टरने दिलेली गोळीसुद्धा, आधी मला दाखवायची. पाय सुजला, पोटरी दुखली, छातीत दुखलं, दम लागला, अंगावरून अवेळी गेलं, तर वाट न बघता यायचं. आणि वाफा आल्या की सांगायचं. त्यावर उपाय असतात. सोसत बसा असं कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"विचारलंच नाही मी," मावशी म्हणाली. "वाटलं, कॅन्सरपुढे घामाचं काय रडगाणं गायचं."

"गा," औषधवाली म्हणाली. "नाही गायलात, तर तुम्ही बाबांकडे जाता."

यात सांगण्यासारखं असेल तर इतकंच. उद्या आणखी कुठल्या हॉलमध्ये आणखी कोणी बाबा बसेल, आणि त्याचं पाणी लाल होईल, हिरवं होईल, उकळेल. तुम्ही भांडू नका, त्याला खोटं पाडायलाही जाऊ नका. फक्त म्हणा, तोच थेंब जरा यावर टाकून दाखवा. आणि ज्या गोळीविषयी शंका आहे, ती टोपलीत टाकण्याआधी, जिने दिली तिलाच जाऊन विचारा. प्रश्न मूर्खपणाचा वाटला तरी विचारा. ताईंनी या बाबतीत कमालच केली. आता त्या कुठल्याही प्रवचनाला जाताना पर्समध्ये पावाचा तुकडा ठेवतात आणि पहिल्या रांगेत बसतात. दोन महाराजांनी त्यांना मागे बसायची विनंती केली आहे.

मावशीची गोळी पुन्हा खिळ्यावर आली. शटर उघडलं की पहिलं काम ते. डॉक्टरांनी सांगितलेल्या उपायांनी वाफा कमी झाल्या, गेल्या मात्र नाहीत. परवा एक आली, जुन्या तालात, छातीपासून कानापर्यंत. मावशी शिवण थांबवून डोळे मिटून बसली. बाइंडर उठला. त्याने पुस्तकं दाबायच्या शिकंज्याची लोखंडी वजनं आणून टेबलावरच्या एकेका गठ्ठ्यावर ठेवली, उरलेल्या दोन गठ्ठ्यांवर तो स्वतः दोन्ही कोपरं टेकून ओणवा झाला, आणि पायाच्या अंगठ्याने खालच्या बोर्डावरचं पंख्याचं बटण दाबलं.

पानं फडफडली, पण एकही उडालं नाही.

"बरं वाटतंय?" त्याने तसंच ओणवं राहून विचारलं.

"हूं," मावशी म्हणाली. "चालू आहे म्हणायचं."

"काय, पंखा?"

"पंखा आणि गोळी, दोन्ही."